सूचीत नसलेली मुले

(मंडळाच्या यंदाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण. मुद्रणापूर्वी किरकोळ फेरफार केले आहेत.)



या व्यासपीठावरून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर माझी जागा सभागृहाच्या मागल्या बाजूस, देणगीच्या पावतीपुस्तकापाशी असे आणि ती मला मानवतही असे. चिटणिसांनी 'यंदा तुम्ही चार शब्द बोलावे' असे सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. परंतु बोलता बोलता त्यांनी विषय विचारला, तो माझ्या तोंडून निघून गेला, आणि त्यानंतर माघार घेणे मला प्रशस्त वाटले नाही. ज्या घरी अपंग मूल जन्मास येते त्या घरांविषयी मी बोलणार आहे. बक्षीससमारंभाच्या आनंदाच्या दिवशी असला विषय काढल्याबद्दल कोणास वाईट वाटल्यास मी आधीच क्षमा मागतो. पण आपण सारे वर्षातून एकदाच एकत्र जमतो. आज नाही तर तो काढावयाचा केव्हा?

आपल्या मंडळाची कुटुंबसूची आपणा सर्वांच्या घरी आहे. गेल्या खेपेस तिची सुधारलेली आवृत्ती काढण्याचे ठरले तेव्हा आमच्या विभागातील घरोघर जाऊन माहितीपत्रके भरून आणण्याचे काम मजकडे आले. पत्रकात रकाने मोजकेच होते : कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, व्यवसाय, पत्नीचे माहेर, अपत्यांची नावे, त्यांचे वय व शिक्षण, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना लोक मोठ्या हौसेने भरीत. कोणाचा मुलगा परदेशी, कोणाच्या मुलीस सुवर्णपदक, कोणाची सून डॉक्टर. एका गृहस्थांना तो रकाना पुरेना, म्हणून त्यांनी एक पाठकोरा कागद जोडला होता.

अशाच एका घरी मी बसलो होतो. चहा झाला. यजमान पत्रक भरीत होते. आतल्या खोलीतून एका मुलाचा आवाज येत होता. रडण्याचा नव्हे, एकाच सुरात, पुनःपुन्हा, स्वतःशीच काही म्हणत राहावे तसा. यजमानांनी अपत्यांच्या रकान्यात मुलीचे नाव लिहिले, तिचे शिक्षण लिहिले, आणि त्याखाली आडवी रेघ ओढली. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांची दृष्टी त्या रेघेवर होती. मी काही बोललो नाही. पत्रकाची घडी करून पिशवीत घातली, नमस्कार केला आणि जिना उतरलो.

आपण म्हणाल, बोलावयास हवे होते. बोललो नाही याचे कारण असे की, ती रेघ माझ्या ओळखीची होती. सूचीची जुनी आवृत्ती ज्यांच्यापाशी असेल त्यांनी माझ्या वडिलांचे पान काढून पाहावे. तेथे अपत्ये दोन लिहिली आहेत. मी आणि माझी बहीण. आम्ही भावंडे तीन आहोत.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येच्या शेकडा दोनांहून थोडे अधिक, म्हणजे हजारामागे सुमारे बावीस. हा आकडादेखील कमीच असावा, कारण जनगणनेच्या माणसापुढेही अशा रेघा ओढल्या जात असणार. हा हिशेब मनात धरून मी आपली छापील सूची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. तीत एकही नाही. आपली ज्ञाती तेवढी परमेश्वराने वगळली आहे असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

मूल लपविणाऱ्या आईबापांस निष्ठुर म्हणणे फार सोपे आहे. माझे वडील निष्ठुर नव्हते. कचेरीत जाण्यापूर्वी माझ्या धाकट्या भावास ते स्वतःच्या हाताने जेवू घालीत, रविवारी त्याची नखे काढीत, आणि रात्री तो झोपल्याखेरीज स्वतः आडवे होत नसत. पण बहिणीस पाहावयास मंडळी यावयाची असली की त्या दिवशी भावाला शेजारी नेऊन ठेवले जाई. ते शेजारी आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्यामुळे असे घडले की, परक्या ज्ञातीच्या त्या घरी माझ्या भावाला सारे नावाने ओळखीत, त्याच्यासाठी वाटीत गूळशेंगदाणे काढून ठेवीत. आणि ज्या ज्ञातीत तो जन्मला तिला त्याचा पत्ताही नव्हता. वडिलांना भय होते ते आपले. आपल्या चौकशांचे, आपल्या हळू आवाजातील बोलण्याचे आणि 'कोणाकडून आले हो हे?' या प्रश्नाचे.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. आईकडून आले! माझ्या आईने दिवस असताना ग्रहणात भाजी चिरली होती, असे आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंनी शोधून काढले, आणि मरेपर्यंत माझ्या आईने ते मनातून काढले नाही. वस्तुतः माझा भाऊ जन्मल्यानंतर फार उशिरा रडला होता. बाळाच्या मेंदूस त्या अवधीत प्राणवायू पुरेसा मिळाला नाही तर जन्मभराची हानी होऊ शकते, हे आज कोणीही बालरोगतज्ज्ञ सांगेल. नवजात बाळाची कावीळ फार चढली आणि तिजवर वेळीच उपचार झाले नाहीत तरीही असेच होऊ शकते. डाउन सिंड्रोम म्हणून जी अवस्था आहे तिचे कारण १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अशा मुलाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. ती प्रत कोणाच्या वागण्याने येत नाही आणि कोणाच्या व्रताने जात नाही. काही प्रकारचा बहिरेपणा व इतर काही व्याधी रक्ताच्या नात्यातील विवाहांत अधिक आढळतात, हेही खरे आहे. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत आहे त्यांनी विवाहापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु तो आधी घ्यावयाचा सल्ला आहे, मागाहून आईच्या माथी मारावयाचा आरोप नव्हे.

लपविण्यात नुकसान होते ते प्रथम मुलाचेच. बहिऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. मूल जन्मतः ऐकत नसेल तर त्याच्या कानास यंत्राची मदत आणि त्याच्या जिभेस शिक्षण जितके लवकर मिळेल तितके ते बोलके होण्याची शक्यता अधिक. ही वर्षे एकदा गेली की परत येत नाहीत. कानाच्या आत बसवावयाच्या यंत्राची शस्त्रक्रिया गरीब घरातील मुलांसाठी सरकारी योजनेतून होऊ शकते. पण जन्मतः बहिऱ्या मुलांकरिता तीस वयाची मर्यादा आहे आणि ती पाच वर्षांच्या आसपासची आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून केवळ वाणी आणि श्रवण यांचे काम करीत आहे. हे सारे असता मूल सहा वर्षांचे होईपर्यंत 'त्याचे आजोबाही उशिरा बोलले होते' असे म्हणत घरात बसणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना डॉक्टरांकडे न्यावयास पैसे नव्हते असे नाही. शेजाऱ्यांनी पाहिले तर काय, ही चिंता होती.

आता मी आमच्याच घरची हकीकत सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो, परंतु तिचा उपयोग आपणापैकी काहींना निश्चित होईल.

माझे वडील राज्य सरकारच्या एका कचेरीत कारकून होते आणि निवृत्तिवेतन घेत होते. आई २००४ साली गेली, वडील २००९ साली. त्यांचे दिवसकार्य झाल्यावर एका स्नेह्याने मला सहज विचारले की, भावाचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू केलेस का? मला ही गोष्टच ठाऊक नव्हती. सरकारी सेवकाचा मुलगा वा मुलगी अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर आईबापांच्या पश्चात त्या अपत्यास हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, असा राज्य सरकारचा नियम आहे. केंद्र सरकारचाही आहे. मी भावाला घेऊन वडिलांच्या जुन्या कचेरीत गेलो. तेथील कारकुनांनी सेवापुस्तक शोधून काढले, कुटुंबाच्या माहितीचे पान उघडले, आणि मला अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहेब, आपल्या वडिलांना हा मुलगा नाही." माझा भाऊ माझ्या शेजारी बाकावर बसून माझ्या छत्रीच्या मुठीशी खेळत होता.

वडिलांनी तेथेही रेघ ओढली होती.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. भावाचा जन्म गावी, घरी झालेला. त्याची नोंद कोठे सापडेना. शाळेत त्याला घातलेच नव्हते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला नाही. मतदारयादीत नाव नाही. बँकेत खाते नाही. चाळीस वर्षे ओलांडलेला माणूस, पण कागदोपत्री तो जन्मलाच नव्हता. अखेर माझ्या पत्नीला घरच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत १९७० नंतरच्या वर्षांतील एक शिधापत्रिका सापडली. तिच्यावर आमच्या घरची पाच माणसे होती. साखर त्या काळी माणशी मोजून मिळे. वडिलांनी ज्ञातीपासून, कचेरीपासून जे नाव राखून ठेवले ते साखरेच्या दुकानदारापासून राखणे त्यांना परवडले नव्हते! त्या एका ओळीवर आणि आमच्या त्या परज्ञातीच्या शेजारीणबाईंच्या प्रतिज्ञापत्रावर पुढचे सारे उभे राहिले. ऐंशी उलटलेल्या त्या बाई काठी टेकीत आल्या आणि 'हा मुलगा याच घरचा, मी त्याला पाळण्यात पाहिले आहे' असे सांगून सही करून गेल्या. मग जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र, मग पालकत्वाचा आदेश, मग पुन्हा कचेरी. निवृत्तिवेतन सुरू होण्यास दोन वर्षे आणि सात महिने लागले. मी त्या कारकुनांना दोष देत नाही. त्यांनी जे पान वाचले ते आमच्याच घरी लिहिले गेले होते.

सभागृहात सरकारी नोकरीतील आणि निवृत्त अशी पुष्कळ मंडळी बसली आहेत. ज्यांच्या घरी असे अपत्य असेल त्यांनी स्वतः हयात असताना, हातपाय चालत असताना, त्याचे नाव आपल्या सेवेच्या व निवृत्तिवेतनाच्या कागदांत घालून घ्यावे. दुसऱ्या दिवशीच कचेरीत जावे असे मी म्हणेन.

पालकत्वाचा उल्लेख मी केला, त्याविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण येथे सुशिक्षित माणसेही चकतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. ते सही करू शकत नसले, व्यवहार त्यास कळत नसला, तरी आईबापांची त्याच्या वतीने सही करण्याची सत्ता आपोआप पुढे चालत नाही. यासाठी १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात म्हणजे डॉक्टर ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो, आणि एकाहून अधिक अपंगत्वे एकत्र असणे, या चार अवस्थांतील सज्ञान व्यक्तींसाठी जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. समितीत जिल्हाधिकारी असतात, नोंदणी झालेल्या एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि एक अपंग व्यक्तीही असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावयाची असते आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. पालक हेळसांड करू लागला किंवा पैसा खाऊ लागला, तर नातेवाइकास समितीकडे तक्रार करून त्यास दूर करवता येते. मला स्वतःला दर वर्षी हा हिशेब द्यावा लागतो. सख्ख्या भावाकडे हिशेब मागतात म्हणून प्रथम मनास लागले. आता ती तरतूद मला योग्य वाटते. सख्ख्या भावांनीच काय काय केले आहे याच्या कथा आपणा सर्वांस ठाऊक आहेत.

याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविमा योजना आहे. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा खर्च मिळतो, आणि विमा देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट घातलेली नाही. कितीजणांनी हे नाव ऐकले आहे, हात वर करावेत, असे मी सांगणार होतो. पण ज्या घरांत मूल लपविलेले आहे ती मंडळी हात कसा वर करतील, हे माझ्या वेळीच ध्यानात आले.

कायद्यांची यादी मी वाचणार नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मानली होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत बजावावा की विशेष शाळेत, ही निवड घरच्यांची आहे. आपल्या राज्याने २०२२ च्या डिसेंबरात या कामासाठी स्वतंत्र खातेही उघडले. शब्दही बदलला, आता सरकारी कागदांत 'दिव्यांग' लिहितात. चांगला शब्द आहे. मी जुन्या सवयीने अपंग म्हणतो, त्याबद्दल कोणी रागावू नये. परंतु शब्द कोणताही असो, बारा वर्षांचा मुलगा खांद्यावर घेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेत प्रमाणपत्रासाठी उभी असलेली आई मी पाहिली आहे, आणि त्या वेळी तिला शब्दाची उणीव भासत नव्हती. तिला हवा होता एक माणूस, जो रांगेत तिची जागा धरील आणि ती मुलाला पाणी पाजून येईल. शाळेच्या दारातही तसेच आहे. एकटी आई गेली की 'यंदा जागा नाही' असे उत्तर मिळते. तिच्याबरोबर दोन माणसे कायद्याचा कागद हातात घेऊन, आवाज न चढविता, नुसती बसून राहिली, तर त्याच शाळेत जागा निघते. हा माझा अनुभव आहे आणि तो एकदाचा नाही.

आता आपण व्यक्तिशः काय करावे? प्रथम काय करू नये ते सांगतो, कारण त्याची यादी मोठी आहे. अंगारा नेऊ नये. ताईत नेऊ नये. आपल्या साडूच्या ओळखीचा मुलगा अमक्या वैद्याच्या काढ्याने चालू लागला, ही वार्ता नेऊ नये. त्या घरी अशा वार्ता आजवर शेकड्यांनी आल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मागे पैसा आणि आशा दोन्ही खर्ची पडली आहेत. 'देव असे मूल ज्यांना झेपते त्यांच्याच घरी देतो' हे वाक्यही कृपा करून उच्चारू नये. ते म्हणणारा सद्भावनेने म्हणतो हे मी जाणतो. पण मध्यरात्री तिसऱ्यांदा अंथरूण बदलणाऱ्या बाईस ते ऐकवून पाहावे.

एका भगिनीने मला सांगितले की, मुलगा झाल्यापासून अकरा वर्षांत ती आणि तिचे यजमान मिळून एकाही लग्नास गेलेली नाहीत. एकाने जावयाचे, एकाने घरी थांबावयाचे. आमंत्रणपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेले असते. ती हसत म्हणाली, "भाऊ, अहेर आम्ही पूर्ण करतो, पण जेवतो अर्धेच." मी यावर पुष्कळ विचार केला. आपण त्या घरी जाऊन म्हणावे की, शनिवारी संध्याकाळी दोन तास मी मुलापाशी बसतो, तुम्ही दोघे कोठेही जाऊन या. पहिल्या खेपेस ती दोघे जाणार नाहीत, संकोचतील. दुसऱ्या खेपेस कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन परत येतील. तिसऱ्या खेपेस जातील. मुलाला काय खाऊ घालावे, तो बिथरला तर काय करावे, कोणत्या आवाजाने तो घाबरतो, हे आईकडून नीट शिकून घ्यावे लागते. त्यास महिना दीड महिना लागतो. पैसे यास एक छदामही लागत नाही. निवृत्त माणसांनी भरलेल्या आपल्या ज्ञातीत दोन तासांचा तोटा आहे, असे मला कोणी सांगू नये.

भावंडांकडेही पाहावे. त्या घरातील धडधाकट मुलीस जो तो सांगत असतो की, पुढे भावाला तुलाच पाहावयाचे आहे. आठ वर्षांच्या पोरीस हे सांगण्याचा आपणांस काय अधिकार? मलाही सांगत असत. मी ते केले, आणि मला त्याचा खेद नाही. तथापि माझ्या पत्नीने विवाहापूर्वी माझ्या भावास प्रत्यक्ष भेटून, त्याच्याशी तासभर बोलून मग होकार दिला, म्हणूनच ते निभले. आपल्या वधूवर मेळाव्यात ही गोष्ट पहिल्याच भेटीत उघड सांगण्याची रीत पडावी अशी माझी विनंती आहे. सांगितल्यावर जी मंडळी उठून जातात ती पुढे कधीतरी गेलीच असती.

आईबापांनी मनावर घेतले तर काय होते, याची उदाहरणे दूर शोधण्यास नकोत. मुंबईत १९४४ साली वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी सुरू केलेल्या कामातून शिवडीची जय वकील शाळा उभी राहिली. १९७२ साली मिठू अलूर यांनी, मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मालिनी या मुलीच्या निमित्ताने, मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली. मालिनी चिब यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' सुरू केली. आणि डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे, जेथे मोठ्या वयाची मतिमंद मुले, मुले कसली, प्रौढ माणसे, एकत्र राहतात. 'आमच्यामागे याचे कसे?' हा प्रश्न सर्वच आईबापांना पडतो. तेथील पालकांनी तो हयातीतच एकमेकांच्या मदतीने हाती घेतला.

यांपैकी कोणत्याही संस्थेने दारात मुलाची जात विचारलेली नाही. मग ज्ञातिसंस्थेत हा विषय कशाला, असे आपणापैकी काही तरुण विचारतील आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, ज्या भयाने आईबाप मूल लपवितात ते भय या ज्ञातीच्या चौकटीतच जन्मते. सोयरिकी येथे होतात, नावे येथे ठेवली जातात. तेव्हा ते भय काढून टाकण्याचे कर्तव्यही प्रथम येथलेच. मदतीचा हात मात्र ज्ञातीच्या कुंपणाशी थांबू नये. आमच्या शेजारीणबाई थांबल्या नव्हत्या.

आपल्या मंडळाने शाळा काढावी असे मी म्हणत नाही. ते काम जाणत्यांचे आहे. माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. रुग्णालयात, शाळेत आणि जिल्हाधिकारी कचेरीत बरोबर जाण्यास तयार असलेल्या दहाबारा माणसांची नावे व दूरध्वनी क्रमांक पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावेत. माझे त्यांत पहिले घालावे. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर केवळ गुणांच्या टक्क्यांवर वाटला गेला आहे. त्यातील काही भाग अशा मुलांच्या श्रवणयंत्रासाठी, चाकाच्या खुर्चीसाठी किंवा वाचा सुधारणाऱ्या शिक्षिकेच्या शुल्कासाठी राखून ठेवावा. सत्तर टक्के मिळविणाऱ्याचे कौतुक व्हावेच. पण नवव्या वर्षी स्वतःच्या सदऱ्याची बटणे लावू लागलेल्या मुलाच्या आईला या व्यासपीठावर कोणी नारळ दिलेला मी पाहिला नाही. आणि अध्यक्षमहाराज, स्पष्ट बोलतो म्हणून राग नसावा, आपण संमेलन दर वर्षी याच दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात भरवितो. येथे उद्वाहक नाही. चाकाच्या खुर्चीतील मुलाला उचलून वर आणावे लागते, आणि तो चौदा वर्षांचा झाला की उचलून आणवत नाही. भाडे थोडे अधिक पडले तरी पुढील वर्षी तळमजल्यावरचे सभागृह घ्यावे.

शेवटची गोष्ट सूचीची. कार्यकारी मंडळाने माझ्या विनंतीवरून नव्या पत्रकात एक बदल मान्य केला आहे, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अपत्यांच्या रकान्यावर आता 'सर्व अपत्ये' असे छापले आहे आणि त्याखाली 'घरातील इतर व्यक्ती' हा रकाना वाढविला आहे. अपंगत्वाची माहिती देण्याची सक्ती कोणावर नाही. ती ज्याची त्याने ठरवावयाची आहे. नाव मात्र लिहावे. ज्या घरी मी चहा घेऊन मुकाट्याने जिना उतरलो होतो तेथे मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस माझ्या भावालाही बरोबर नेणार आहे.

तो आता साठीच्या घरात आहे आणि आज येथे आला आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसला आहे. आमच्या पत्रकात त्याच्या नावापुढे शेरा काय लिहावा हे मी त्यालाच विचारले. त्याने जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहिले आहे : 'सकाळी दूध मी आणतो. गाणे लागले की पहिल्या सुरावर ओळखतो.'

कोरी पत्रके दाराशी टेबलावर ठेवली आहेत. भरून महिनाअखेरपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.